प्रिंटला तपकिरी झाक आणायची कशी? (डार्करूमवाल्यांनो, मदत!)

मनवा_एस

नमस्कार मंडळी,

गेल्या पावसाळ्यात मामाच्या माळ्यावरून एन्लार्जर (निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र) खाली उतरवला. रात्री दहानंतर घरातलं दुसरं बाथरूम माझं, असा आईशी तह झाला आहे. आतापर्यंत पन्नासेक प्रिंट काढले. फोकस जमतो, एक्स्पोजर जमतं, धूळ काही केल्या जमत नाही.

माझे प्रिंट इस्पितळाच्या भिंतीसारखे येतात. काळे-पांढरे आहेत, पण थंडगार. सेशनच्या शेवटी शेवटी काढलेल्यांना तर चक्क हिरवट रंग चढतो. घरात आजी-आजोबांच्या लग्नाचा आल्बम आहे, १९५८चा, साताऱ्यातल्या एका स्टुडिओतला. त्यातल्या फोटोंचा रंग म्हणजे जायफळ घातलेली कॉफी. मला तो टोन हवा आहे.

साहित्य: आरसी (प्लास्टिकचा थर दिलेला) मल्टिग्रेड पेपर, ग्लॉसी. बाटलीतला पीक्यू डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण), एक भागाला नऊ भाग पाणी. स्टॉपबाथ म्हणून पातळ व्हिनेगर. चित्र पक्कं करायला नेहमीचा फिक्सर.

पेपर बदलू, डेव्हलपर बदलू की टोनर (तयार प्रिंटचा रंग बदलणारं द्रावण) आणू? सगळं एकदम परवडणार नाही. बाथरूमला खिडकी नाही, एक्झॉस्ट आहे.

बोरिवली_स्लो

चहात बुडवा.

गवतीचहा

कोणी हाक मारली?

आयसो_४००

स्कॅन करा, फोटोशॉपमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. एकेक कागद कशाला वाया घालवता?

बोरिवली_स्लो

@आयसो_४००, पुरणपोळीही पाकिटात मिळते हो.

कोथरूडचे_आप्पा

मनवाताई, तुमचा प्रश्न फार मूलभूत आहे. प्रिंटचा टोन हा सर्वस्वी निगेटिव्हच्या घनतेवर आणि पेपरच्या ग्रेडवर (म्हणजे कॉन्ट्रास्टवर) अवलंबून असतो. मल्टिग्रेड पेपरला ०० पासून ५ पर्यंत फिल्टर मिळतात. निगेटिव्ह फिकट असेल तर ३ किंवा ४ लावावा, कडक असेल तर १ किंवा २. आधी टेस्ट स्ट्रिप (कमी-जास्त एक्स्पोजरची चाचणी पट्टी) काढावी. पांढऱ्या भागातला तपशील दिसू लागतो तिथे एक्स्पोजर थांबवावे, आणि मग काळे पुरेसे काळे येईपर्यंत फिल्टर वाढवावा. मी स्वतः स्प्लिट ग्रेड करतो, म्हणजे एक एक्स्पोजर ०० ने आणि दुसरे ५ ने. चाळीस वर्षांत दुसरे काही लागले नाही.

मनवा_एस

आप्पा, धन्यवाद, पण मला उजेड-सावलीचा टोन म्हणायचा नव्हता. काळ्याचा *रंग* म्हणायचा होता. माझा काळा निळसर-हिरवट आहे, आजीच्या आल्बममधला काळा तपकिरी.

शब्दवेल्हाळ

घोळ शब्दाचा आहे. इंग्रजीत दोन्हीला टोनच म्हणतात आणि आपणही तोच उचलला. मराठीत सोय आहे की! पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या पायऱ्या त्या छटा, आणि सबंध चित्रावर पसरलेला रंगाचा भास ती झाक. साडीला म्हणतो ना, काळी आहे पण जांभळी झाक मारते. या धाग्यापुरतं एवढं पाळू या, नाहीतर आप्पा आणि मनवा पन्नास प्रतिसाद एकमेकांना धन्यवाद देत बसतील.

कोथरूडचे_आप्पा

झाक मान्य. माझा आधीचा प्रतिसाद छटांसाठी होता असे समजावे. काढून टाकत नाही, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

रसायनबुवा

शब्दवेल्हाळांनी अर्धं काम केलं, उरलेलं मी करतो. जरा लांबेल.

प्रिंटमधला काळा म्हणजे धातूची चांदी. चांदी चकचकीत असते, मग ती काळी का दिसते? डेव्हलप झालेली चांदी सलग पत्रा नसते, भांडी घासायच्या तारेच्या चोथ्यासारखी गुंतलेली असते आणि प्रकाश त्यात अडकून बसतो. गुंता मोठा आणि दाट असेल तर सगळेच रंग सारखे गिळले जातात आणि काळा तटस्थ किंवा किंचित निळा दिसतो. कण फार बारीक राहिले तर निळा उजेड जास्त गिळला जातो आणि उरतो तो तपकिरी. आणखी बारीक केले तर पिवळा. रंगीत फिल्मच्या आत जो पिवळा फिल्टरचा थर असतो, तो अशाच अतिसूक्ष्म चांदीचा बनवतात.

तेव्हा कोणत्याही उपायाकडे बघताना एकच विचारायचं, यानं चांदीचे कण बारीक राहतात का? टोनरची गोष्ट तेवढी वेगळी. तो चांदीचंच दुसरं काहीतरी करतो.

पेपर: लेपात चांदीचा कोणता क्षार आहे ते बघायचं. ब्रोमाइड पेपर थंड. क्लोराइड आणि क्लोरोब्रोमाइडचे दाणे मुळात बारीक, म्हणून ते उबदार. झाक ठरवण्यात पेपरचा वाटा सर्वांत मोठा. तुमचा आरसी मल्टिग्रेड तटस्थ काळ्यासाठीच बनवला आहे, त्याला डेव्हलपरनं फारसं हलवता येत नाही.

डेव्हलपर: जोरदार आणि पुरा डेव्हलप केलात की गुंता वाढतो, झाक थंड होते. पातळ केलात, एक्स्पोजर वाढवून लवकर उचललात की कण बारीक राहतात आणि झाक उबदार होते. पोटॅशियम ब्रोमाइड वाढवलं तर उबेकडे, बेन्झोट्रायझोल घातलं तर निळ्याकडे. जुने लोक ग्लायसिनचा डेव्हलपर खास उबेसाठी करत.

आणि तुमचा हिरवट रंग! डेव्हलप होताना पेपरमधलं ब्रोमाइड सुटून ट्रेमध्ये साठत जातं. पहिला प्रिंट ताज्या डेव्हलपरमध्ये होतो, विसावा ब्रोमाइडच्या लोणच्यात. डेव्हलपर दमला आणि ब्रोमाइड साचलं की पुष्कळ पेपर शेवाळी होतात. अर्ध्या रात्री ट्रे रिकामा करून नवा भरा.

मनवा_एस

दंडवत घ्या बुवा. मी एक लिटर डेव्हलपर दोन-दोन रात्री वापरत होते, उरलेला बाटलीत भरून. 🙈

नागपुरी_संत्री

आमच्याकडे ये बाप्पा मे महिन्यात, झाक-बिक सगळं विसरशील. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात भाजवते. २० अंश कुठून आणू? मी डेव्हलपरच्या ट्रेखाली मोठी परात ठेवतो न् त्यात बर्फाच्या पिशव्या सोडतो. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका, मी टाकला होता, पातळ होऊन गेला. तापमान वाढलं की डेव्हलपरमधलं हायड्रोक्विनोन पिसाळते, मिनिटाचं काम तीस सेकंदांत होते. मग घाबरून लवकर उचलला तर प्रिंटवर डाग.

मँचेस्टरकर

इकडे उलटं. जानेवारीत गॅरेजमध्ये १२-१३ अंशांच्या खाली हायड्रोक्विनोन गाढ झोपतं आणि डेव्हलपरमधलं दुसरं रसायन, मेटॉल, एकटंच काम करत राहतं. प्रिंट मऊ, मळकट. मी ट्रेखाली रोपांना ऊब द्यायची चटई ठेवतो.

मूळ प्रश्न: पेपर बदला. इलफर्डचा मल्टिग्रेड एफबी (फायबर, म्हणजे प्लास्टिकचा थर नसलेला) वॉर्मटोन घ्या. त्यांचा कारखाना मोबर्लीला, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, त्यामुळे मी पक्षपाती आहे हे आधीच सांगतो. दुसरा चेक फोमाटोन, हा तर अजून उबदार. दोन्हींचा कागदच मुळात सायीच्या रंगाचा आहे, म्हणजे झाक चांदीतूनही येते आणि पांढऱ्यातूनही. बुवांनी पांढऱ्याचा उल्लेख केला नाही.

रसायनबुवा

@मँचेस्टरकर, बरोबर, राहिलं. चित्राची झाक वेगळी आणि कागदाची वेगळी. डोळा दोन्हींची बेरीज करतो. सायीच्या कागदावर तटस्थ काळाही उबदार वाटतो.

गवतीचहा

म्हणूनच चहाचा मुद्दा अगदीच फालतू नाही. मी खरंच केलं होतं. दोन चमचे पत्ती, अर्धा लिटर पाणी, गाळून थंड, वीस मिनिटं प्रिंट आत. चांदीला काही होत नाही, चहाचा डाग जिलेटिनला आणि कागदाला बसतो. सगळ्यांत जास्त बदलतो पांढरा. शर्ट, भिंत, आभाळ, दात, सगळं मळतं. दातांनी मला थांबवलं. वाढदिवसाचा फोटो होता, अख्खं कुटुंब तंबाखू खातं असं वाटत होतं.

बोरिवली_स्लो

हहपुवा 😂

पंतांचा_पुतण्या

आमच्या काकांचा कोल्हापुरात स्टुडिओ होता. १९८५-९० पर्यंत ब्लॅक अँड व्हाइट चालला, मी शाळेतून थेट तिथेच जायचो. थोडं आठवणीतलं.

रोजच्या कामाला, म्हणजे पासपोर्ट, परीक्षेचे फॉर्म, यासाठी 'इंदू'चा पेपर. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा, सरकारी. सॉफ्ट, नॉर्मल, हार्ड अशी पाकिटं फळीवर असायची. फिल्टर वगैरे प्रकरण नाही, हात घालायचा तो बरोबर पाकिटावर पडायचा. लग्नाच्या आल्बमला, आणि तेही गिऱ्हाईक मातबर असेल तर, आग्फाचा पोर्ट्रिगा. तो क्लोरोब्रोमाइड. लाल दिव्याखाली कळायचं नाही, पण बाहेर उजेडात आणला की काका म्हणायचे, "बघ, पिकलाय." पिकलेला आंबा आणि पिकलेला प्रिंट, दोन्हीला एकच शब्द. आग्फाच्याच ब्रोव्हिरा या ब्रोमाइड पेपरवर काढलेल्याला "पोलादी" म्हणायचे.

डेव्हलपर घरीच करायचे. डी-७२चा कागद भिंतीला चिकटवलेला होता: मेटॉल ३ ग्रॅम, सोडियम सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, सोडा ८०, ब्रोमाइड २, पाणी लिटरभर. वापरताना त्यात दुप्पट पाणी. हायड्रोक्विनोनच्या आधी सल्फाइट विरघळलंच पाहिजे, हे मला तिसरीत असताना पाठ होतं. पाढे नव्हते.

आणि एक, जुने पोर्ट्रेट तपकिरी असण्यामागे नुसती हौस नव्हती. फोटो हातानं रंगवायचा असला तर आधी तो तपकिरी करून घेत. काळ्या-करड्या गालावर गुलाबी रंग लावला की माणूस आजारी दिसतो, तपकिरीवर लावला की कातडी वाटते. काकांकडे रंगवायला एक बाई यायच्या, काडीला कापूस गुंडाळून काम. शालूच्या जरीला शेवटी हात लावायच्या, तोवर कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही.

कोथरूडचे_आप्पा

वा. "पोलादी" शब्द फार आवडला. मीही ब्रोव्हिरावाला.

एक विचारतो, मनवाताई प्रिंट बघतात कोणत्या दिव्याखाली? बाथरूममधली पांढरी एलईडी असेल तर कुठलाही प्रिंट थंडच दिसणार. दिवसा खिडकीपाशी नेऊन बघा, तोही वाळल्यावर. ओल्या प्रिंटवरून झाक ठरवू नये.

मनवा_एस

@आप्पा, अगदी कूल डे-लाइट ट्यूब आहे. आज सकाळी खिडकीत ठेवून बघितले, थोडे सुसह्य वाटले. पण आल्बम शेजारी ठेवला की फरक आहेच.

सेलेनियमभक्त

टोनर, टोनर, टोनर. रॅपिड सेलेनियम १:९, पाच मिनिटं. काळे खोल होतात, प्रिंट टिकतो. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्ससुद्धा सेलेनियम वापरायचे.

मँचेस्टरकर

तिच्या पेपरवर सेलेनियमनं रंग बदलणारच नाही, फार तर काळे किंचित गडद होतील. सेलेनियमला क्लोराइडवाला बारीक दाणा आवडतो. वॉर्मटोनवर तेच द्रावण मिनिटा-दोन मिनिटांत जांभळट तपकिरी होतं, नजर हटली की वांगं.

सेलेनियमभक्त

वांगं काय? दोन मिनिटांत वांगं झालं तर द्रावण कडक होतं.

मँचेस्टरकर

मी १:५ लावलं होतं. माझं कबूल.

तिसरा_डोळा

सेलेनियम विषारी आहे आणि अमोनियाचा भपका येतो हेही सांगा. खिडकी नसलेलं बाथरूम आहे तिचं. आणि तिथेच घरची माणसं सकाळी दात घासणार.

पाटील_सरकार

वासाचा विषय निघालाच आहे तर आमची कथा. इंजिनीअरिंगला असताना सोडियम सल्फाइडनं सेपिया (तपकिरी टोनिंग) केला. फेरीसायनाइडनं ब्लीच करायचं, प्रिंट फिकट पिवळा होतो, मग सल्फाइडमध्ये टाकला की तपकिरी होऊन परत येतो. जादू असते ती, कितीदाही बघावी. पण सल्फाइड म्हणजे सडकी अंडी. तिसऱ्या मजल्यावरून वास खाली गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं सिलिंडर गळतोय. त्यांनी आरडाओरडा करून अख्खी इमारत रिकामी केली, रात्री साडेअकराला, थंडीत. मी पण खाली जाऊन सगळ्यांबरोबर उभा राहिलो. काय करणार, वास कुणाचा ते सांगायची हिंमत नव्हती. आजतागायत सांगितलेलं नाही. शेजारच्या कपाटातलं शंभर कागदांचं पाकीटही त्या वायूनं फॉग झालं, म्हणजे न वापरताच काळवंडलं, ती वेगळी शिक्षा.

गवतीचहा

आता सांगितलंत की. काकू इथे सभासद नसोत.

रसायनबुवा

सल्फाइड बंद खोलीत नको. आम्ल पडलं तर निघणारा वायू नुसता घाण नाही, घातक आहे. त्याऐवजी थायोयुरिया वापरतात, त्याला वास नाही. अर्थात हातमोजे हवेतच, थायोयुरिया आणि त्याच्यासोबत लागणारा कॉस्टिक सोडा, दोन्हींसाठी. फेरीसायनाइडमध्येही कडक आम्ल कधी मिसळू देऊ नये.

पण मनवाताई, काही विकत घ्यायच्या आधी मला त्या आल्बमबद्दल सांगा:

१. तपकिरी रंग सगळीकडे सारखा आहे का? अगदी गडद भाग, म्हणजे कोट, केस, हेही तपकिरी आहेत की काळेच?
२. फोटो कागदी कोपऱ्यांत बसवलेले असतील तर कोपऱ्याखाली झाकलेला भाग कसा दिसतो?
३. पांढरी कडा अजून पांढरी आहे का?

मनवा_एस

बुवा, तुम्ही बॉम्ब टाकलात.

आज आल्बम नीट बघितला, दोन फोटो कोपऱ्यांतून अलगद काढले. पहिला, दोघं खुर्चीवर बसलेला. सगळीकडे सारखा तपकिरी, आजोबांचा कोटसुद्धा. कडा पांढरीशुभ्र. कोपऱ्याखाली काही फरक नाही.

दुसरा, वरातीचा, माझा सर्वांत लाडका, ज्याच्यासाठी हा धागा काढला. कोट आणि घोडा काळेच. चेहरे, फेटे, आभाळ तपकिरी-पिवळे, आणि तेही एका बाजूला जास्त. कडेलाही पिवळे ढग आले आहेत. मागच्या बाजूला डाग.

म्हणजे?

पंतांचा_पुतण्या

अरेरे. नीट धुतलेला नाही तो.

रसायनबुवा

पुतण्या म्हणतो तेच. पहिला फोटो मुद्दाम टोन केलेला, पुरा सेपिया. दुसऱ्यात हायपो (म्हणजे फिक्सर) राहिला आहे. फायबर कागद तासभर वाहत्या पाण्यात धुवावा लागतो, कारण हायपो कागदाच्या धाग्यांत मुरतो. राहिला की त्यातलं गंधक वर्षानुवर्षं चांदीला खात राहतं. फिकट भागात चांदी थोडी आणि बारीक, म्हणून तिथे आधी दिसतं. गडद भाग तग धरतो. तुमचा लाडका फोटो म्हणजे ६०-६५ वर्षं चाललेला अपघात.

गंमत अशी की दोन्हीकडे शेवटी तयार झालं ते सिल्व्हर सल्फाइडच. पहिल्या फोटोत कारागिरानं पंधरा मिनिटांत केलं.

बोरिवली_स्लो

म्हणजे प्रश्न असा झाला: न धुतलेल्या प्रिंटची नक्कल धुतलेल्या प्रिंटवर कशी करावी?

मनवा_एस

@बोरिवली_स्लो, होय, आता प्रश्न तोच आहे. कोट काळा आणि चेहरे तपकिरी. हसू नका.

आज जेवताना आजीला विचारलं. ती ८६ वर्षांची आहे. म्हणाली, बसलेला फोटो आठवड्यानं आला. वरातीचे मात्र तुझ्या पणजोबांना दुसऱ्या दिवशी मुंबईची गाडी पकडायच्या आधी हवे होते, कुणाला तरी दाखवायचे होते. फोटोवाला रात्रभर जागला, आणि सकाळी आणून दिले तेव्हा ते ओलेच होते, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.

शब्दवेल्हाळ

हा प्रतिसाद वाचून पाच मिनिटं नुसता बसलो.

पंतांचा_पुतण्या

त्या फोटोवाल्याला बोल लावू नका हं. पणजोबा समोर उभे असतील तर धुतो कोण!

रसायनबुवा

आता कृती. तुमचा आहे तोच पेपर चालेल, हे आधी सांगतो. (मँचेस्टरकर, रागावू नका.)

ब्लीच फिकट भागापासून सुरू होतं आणि गडद भागाला शेवटी पोहोचतं. म्हणून ब्लीच अर्ध्यात थांबवायचं. पूर्ण ताकदीचं ब्लीच म्हणजे पोटॅशियम फेरीसायनाइड १० ग्रॅम, पोटॅशियम ब्रोमाइड १० ग्रॅम, पाणी एक लिटर. तुम्ही ते पाचपट पातळ करा, म्हणजे थांबवायला वेळ मिळेल. मग पिवळा डाग जाईपर्यंत धुवा. टोनरसाठी थायोयुरिया आणि कॉस्टिक सोडा यांची दहा टक्क्यांची वेगवेगळी द्रावणं करून ठेवा. लिटरमध्ये ५० मिली थायोयुरिया आणि ५० ते १०० मिली कॉस्टिक. कॉस्टिक वाढवलं की तपकिरी गडद आणि थंड, कमी केलं की पिवळट. कॉस्टिक नेहमी थंड पाण्यात थोडं थोडं घालायचं, उलटं नाही.

फिकट भाग सेपियात आणखी थोडे उडतात, म्हणून मूळ प्रिंट दहा टक्के गडद काढा.

आणि ब्लीचच्या आधी प्रिंट पूर्ण धुतलेला हवा.

लिथवेडा

कुणी लिथ प्रिंटिंगबद्दल बोललं नाही म्हणून येतो. अतिशय पातळ हायड्रोक्विनोनचा डेव्हलपर, दोन-तीन स्टॉप (म्हणजे चार ते आठपट) जास्त एक्स्पोजर, आणि ट्रेसमोर दहा-वीस मिनिटं नुसतं हलवत बसायचं. बराच वेळ काहीच होत नाही. मग सावल्यांत काळा फुटतो आणि बघता बघता धावत सुटतो. त्या क्षणी उचलायचा. फिकट भाग पीच, गुलाबी, वाळूसारखे. सावल्या खरखरीत काळ्या. तुम्हाला हवं तेच, टोनरशिवाय. सगळे पेपर साथ देत नाहीत. फोमाटोन देतो.

मँचेस्टरकर

आणि सारखे दोन प्रिंट जन्मात येत नाहीत.

लिथवेडा

तो दोष म्हणून सांगताय का?

नागपुरी_संत्री

सोन्याचं टोनिंग करते का कुणी? गोल्ड क्लोराइडनं साध्या प्रिंटला निळसर काळा न् सेपियावर केलं तर नारिंगी-लाल येते म्हणतात.

बोरिवली_स्लो

करतात. त्यासाठी आधी सासऱ्यांशी बोलावं लागतं.

मनवा_एस

तीन आठवड्यांनी धागा वर काढते आहे.

आजीचा मी काढलेला फोटो घेतला, खिडकीतला, पांढरे केस आणि काळी शाल. पहिल्या रात्रीची फजिती आधी सांगते. बुवांनी स्पष्ट लिहूनही मी प्रिंट दोन मिनिटंच धुतला, आरसी आहे म्हणून. ब्लीचमध्ये टाकला आणि आजीचे केस डोळ्यांदेखत नाहीसे झाले. पिवळे नाही, नाहीसेच. टोनरमध्ये टाकल्यावरही परत आले नाहीत. शाल, चष्मा, डोळे जागच्या जागी आणि वर गुळगुळीत टक्कल. प्रिंट आजीला दाखवला नाही.

रसायनबुवा

प्रिंटमध्ये राहिलेला हायपो आणि फेरीसायनाइड एकत्र आले की तो फार्मरचा रिड्यूसर होतो, १८८३पासून माहीत असलेला. चांदी विरघळून जाते, टोनर परत आणणार कशाला? तो मुद्दाम वापरणारेही आहेत. अमेरिकन छायाचित्रकार यूजीन स्मिथ ब्रशनं फेरीसायनाइड लावून प्रिंटमधले उजेड उघडायचे. पण आजींचे केस नव्हते ते.

मनवा_एस

😭

पुढच्या वेळी दहा मिनिटं धुतला, पाणी बदलत. तीन पट्ट्या केल्या. ब्लीच १५ सेकंद: काही कळत नाही, फक्त केसांना किंचित ऊब. ३० सेकंद: केस आणि गाल तपकिरी, शाल काळीच. ६० सेकंद: सगळंच तपकिरी, जत्रेतल्या "राजा-राणी" फोटोसारखं. मग ३० वर पूर्ण प्रिंट काढला, कॉस्टिक ७५ मिली.

वाळवून खिडकीत आल्बमशेजारी ठेवला. अगदी तसा नाही. वरातीच्या फोटोत पिवळेपणा जास्त आहे आणि तो एकीकडे झुकलेला आहे. माझा सगळीकडे सारखा आहे. पण इस्पितळ गेलं.

कोथरूडचे_आप्पा

अभिनंदन. ग्रेड कोणता वापरलात?

मनवा_एस

अडीच, आप्पा. पहिला प्रिंट तपकिरी झाल्यावर मवाळ वाटला म्हणून परत साडेतीनवर काढला. म्हणजे तुमचा प्रतिसाद कोणाच्या तरी उपयोगी पडलाच.

कोथरूडचे_आप्पा

🙏

सेलेनियमभक्त

शाल काळीच राहिली आहे ना, मग आता त्याच प्रिंटला सेलेनियम लावा. गडद भागांवर ते आधी बसतं. फिकट भाग सेपियाचे, गडद भाग सेलेनियमचे. स्प्लिट टोनिंग.

मँचेस्टरकर

त्या पेपरवर रंग बदलणार नाही, किती वेळा सांगू.

सेलेनियमभक्त

रंग नाही, काळेपणा. किती वेळा सांगू.

तिसरा_डोळा

खिडकी नाही. किती वेळा सांगू.

पंतांचा_पुतण्या

वरातीच्या मूळ फोटोचं काय करणार? परत धुवायच्या फंदात पडू नका. जुनं जिलेटिन पाण्यात फुगून सुटतं, काकांच्या हातून एक गेला होता. कॅमेऱ्यानं कॉपी निगेटिव्ह काढा आणि मूळ कोरड्या जागी ठेवा.

मनवा_एस

होय, कॉपी काढली, फिल्मवर. त्या निगेटिव्हचा प्रिंट पुढच्या शनिवारी.

आणि एक विचारायचं राहिलं. दुकानदार थायोयुरिया ५०० ग्रॅमच्या खाली देईना. लागला जेमतेम पाच ग्रॅम. पुण्यात कोणाला हवा असेल तर डबा घेऊन या, झाकण घट्ट बसणारा. आई विचारते आहे की हे बाथरूममधून कधी हलणार.

पाटील_सरकार

मी येतो. काकूंना सांगू नका.